गडवा, टोपण आणि उलटीची वही : वॉर्डातल्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

वही आजपासून सुरू. कारण शनिवारची रात्र.

सात नंबरच्या काकूंचं वजन कमी करायचं ऑपरेशन त्याच दुपारी झालेलं. रात्री दहापासून पहाटे चारपर्यंत त्या ओकत होत्या. पोटात काही नाही, त्यामुळे फेस, पाणी आणि नंतर नुसते उमासे. सून प्रत्येक वेळी ट्रे धरून उभी. तिनं मला दोनदा विचारलं, "सिस्टर, हे असं काहून?" मी दोन्ही वेळा तेच म्हटलं, "ऑपरेशन झालं म्हणजे उलटी होतेच."

सकाळी फाइल पुरी करताना माझंच अक्षर वाचलं. ओन्डॅन्सेट्रॉन थिएटरमध्ये साडेसहाला दिलेलं. मी पुन्हा तेच सव्वादहाला दिलं, पुन्हा तेच दीडला. मधे दुखतंय म्हणून दोनदा ट्रॅमाडॉल. म्हणजे एका हातानं उलटीचं औषध आणि दुसऱ्या हातानं उलटीचं कारण. भूलतज्ज्ञ मॅडमना फाइल दाखवली. त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. म्हणाल्या, "वही कर. आधी मोज, मग बदल."

आमचं रुग्णालय नागपूरहून दीड-दोन तासांवर, कापसाच्या पट्ट्यात. सर्जन नागपूरहून महिन्यातून दोन शनिवार येतात आणि दुर्बिणीतून हे ऑपरेशन करतात. बहुतेकांचं 'स्लीव्ह': जठराचा बाहेरचा फुगीर भाग, साधारण पाऊण ते ८० टक्के, स्टेपल लावून कापून काढायचा आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवायची. जो भाग काढला तोच ताणला जाणारा होता. उरलेल्या नळीला ताणणं जमत नाही. तिच्यात काही जास्त गेलं की दाब वाढतो आणि माल आला त्या रस्त्यानं परत जातो.

११ मार्च

आठवडा गेला तो एकाच प्रश्नात: मोजायचं काय?

उलटी मोजता येते. ट्रे भरला की दिसतो. मळमळ दिसत नाही. छापील फॉर्मवर '० ते १० मध्ये मळमळ किती' असं आहे. चार नंबरच्या आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "दहापैकी दहा द्या बाई, मास्तर लोकायनं कधी दिलेच नाहीत." एकांनी पाच सांगितले आणि लगेच ट्रे मागितला.

मग आकडे सोडले आणि लोक काय बोलतात ते लिहीत गेले. "कसंतरी होऊन रायलं." "जीव वरखाली होते." "पोटात डचमळून रायलं." "तोंडाले पाणी सुटते." "उमासे येते पण निंघत काही नाही." चार दिवस लिहिल्यावर लक्षात आलं की ही वेगवेगळी वाक्यं नाहीत, पायऱ्या आहेत. 'कसंतरी होते' म्हणणारा माणूस अजून चालू शकतो. 'डचमळते' म्हणतो तेव्हा तो कुशीवर वळून गप्प पडलेला असतो. 'तोंडाले पाणी सुटते' म्हणाला की ट्रेकडे धावा, दोन मिनिटं हातात आहेत.

म्हणून आपला चार पायऱ्यांचा कागद केला: काही नाही, कसंतरी, डचमळ, तोंडाला पाणी. उमासे आणि उलटी वेगळ्या रकान्यात, वेळेसकट. रात्रपाळीच्या मुलींनी तो एका दिवसात उचलला. छापील फॉर्म त्यांनी वर्षभरात कधी नीट भरला नव्हता. तो वाईट आहे असं नाही, पण आमच्या वॉर्डात तो कुणाच्या तोंडी बसला नाही.

२० मार्च

मॅडमनी जोखीम मोजायची सोपी रीत शिकवली. १९९९ साली अप्फेल या जर्मन भूलतज्ज्ञानं मांडलेली, चार प्रश्नांची. बाई आहे का? धूम्रपान न करणारी आहे का? आधी भुलीनंतर उलटी झाली होती का, किंवा गाडी लागते का? ऑपरेशननंतर अफूच्या जातीची वेदनाशामकं लागणार का? एकही नसेल तर दहातल्या एकाला त्रास, चारही असतील तर दहातल्या आठांना. आमच्याकडे या ऑपरेशनला येणाऱ्या बहुतेक बाया, बिडी-सिगारेट कुणी ओढत नाही, दुखण्याला त्याच अफूच्या जातीचं ट्रॅमाडॉल ठरलेलं. म्हणजे तीन गुण दारातच. त्या शनिवारी काकूंनी ओकणं हे नशीब नव्हतं, हिशेब होता.

'प्रवासात मळमळ होते का' असं विचारलं की सगळे नाही म्हणतात. "यष्टी लागते का?" म्हटलं की खरं बाहेर येतं. "लागते ना! वर्ध्यापर्यंत दोनदा थांबवा लागते." विचारायची वाक्यं आता अशीच कागदावर छापली आहेत.

खर्ऱ्याचा, म्हणजे चघळायच्या तंबाखू-सुपारीचा, घोळ निघाला. आमच्या भागातला अर्धा पुरुषवर्ग सिगारेट ओढत नाही, पण खर्ऱ्याची पन्नी खिशात असतेच. तो धूम्रपान करणारा धरायचा की न करणारा? मॅडमनी स्पष्ट सांगितलं: ही रीत धुरावर बेतलेली आहे, खर्रेवाला 'न ओढणारा' धरायचा आणि जोखीम जास्त समजायची. शिवाय ऑपरेशनआधी खर्रा बंद करायचा तो करायचाच. एका भाऊंनी हे ऐकून विचारलं, "मंग सिगारेट चालू करू का?" बाहेर व्हरांड्यात बायको बसली होती. उत्तर तिनं दिलं.

२४ मार्च

औषधांची बैठक. मॅडम, सर्जन फोनवर, मी आणि फार्मसीतले दादा. ठरलं ते असं.

भूल शक्य तिथे वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉलवर ठेवायची, कारण भुलीचा वायू स्वतःच ओकवतो. भूल दिल्याबरोबर डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम, कारण त्याला काम करायला वेळ लागतो. ऑपरेशन संपताना ओन्डॅन्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम. ज्यांचे तीन-चार गुण आहेत त्यांना आधी तोंडावाटे अ‍ॅप्रेपिटंट, हे लांब पल्ल्याचं. दुखण्यासाठी ठरल्या वेळेला शिरेतून पॅरासिटामॉल, छिद्रांच्या जागी बधिर करायचं औषध, आणि ट्रॅमाडॉल सगळं करून भागलं नाही तरच. ट्रॅमाडॉलबद्दल मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला वीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती: ओन्डॅन्सेट्रॉन त्याचा दुखणं थांबवायचा गुण कमी करतं. दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात.

आणि माझ्यासाठी खास नियम: प्रतिबंधाला दिलेलं औषध सहा तासांच्या आत पुन्हा द्यायचं नाही, दुसऱ्या जातीचं द्यायचं. त्या रात्रीचं माझं सव्वादहाचं इंजेक्शन म्हणजे बंद दारावर पुन्हा तीच किल्ली.

दोन सावधगिरी. डेक्सामेथासोननं साखर चढते आणि आमच्या निम्म्यांहून जास्त रुग्णांना मधुमेह, तर पहिल्या दिवशी साखर वारंवार तपासायची. अ‍ॅप्रेपिटंट घेतलेल्या बाईच्या गर्भनिरोधक गोळीचा भरवसा पुढचे अठ्ठावीस दिवस राहत नाही. या ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ नयेत असं आपणच सांगतो, मग हे सांगायला नको? पण वॉर्डात, सासूसमोर, कसं सांगणार? मी ड्रेसिंग रूममध्ये नेऊन सांगते.

७ एप्रिल

परवाच्या शनिवारी नव्या पद्धतीची पहिली तुकडी झाली. रात्र शांत. एका बाईला 'कसंतरी', एकदा, बस. रविवारी मी खुशीत होते.

आज सकाळी अकराला अकरा नंबरचे भाऊ ओकले. जिनिंगमध्ये हमालांचे मुकादम, एकशे तीस किलो, पहिल्या रात्री एकदम ठीक. आज पातळ पदार्थ सुरू केले आणि चार तासांत तीन उलट्या. औषधाचा तक्ता चोख. मॅडमना फोन केला, त्यांनाही लगेच उलगडा होईना.

बाराच्या सुमाराला मी शेजारच्या बेडची पट्टी बदलत होते. पंखा गरम हवा फेकत होता, कूलरमधलं पाणी संपलेलं. भाऊंनी उशाचा पितळी गडवा उचलला, मान मागे टाकली आणि वरून धार सोडली. तोंडाला न लावता, गट गट गट गट. गळ्याची घाटी चार वेळा वरखाली झाली. गडवा खाली ठेवला, ढेकर दिली, मिशी पुसली. मी घड्याळ पाहिलं. सहा मिनिटांनी ते उठून बसले आणि हात ट्रेकडे गेला.

"भाऊ, किती पाणी पेले?"

"थोडंसंच त पेलो सिस्टर. तुम्हीच म्हणाल्या, घोट घोट प्या. चार घोट पेलो."

बरोबर होतं त्यांचं. चारच घोट.

८ एप्रिल

आज जेवणाच्या सुट्टीत प्रयोग. नर्सिंग रूममध्ये मोजपात्र घेऊन बसलो. प्रत्येकानं आपला नेहमीचा 'एक घोट' तोंडात घ्यायचा, गिळायचा नाही, मोजपात्रात थुंकायचा. घाण वाटलं, पण हसूही पुष्कळ आलं. माझा घोट २० मिलिलिटर. नव्या पोरीचा १५. वॉर्डबॉय भाऊंचा ४५, आणि ते म्हणाले की हा लाजून घेतलेला आहे. गडव्यातून धार धरली तर 'घोट' ही मोजायची गोष्टच राहत नाही.

ऑपरेशननंतर जठराच्या नळीत मावतं ते शंभर-दीडशे मिलिलिटर, तेही आतून सुजलेलं असताना कमीच. मुकादमांनी चार घोटांत तेवढं एका दमात आत सोडलं. शिवाय वरून पिताना पाण्याबरोबर हवा जाते, ती वेगळी. आमच्याकडे कुणाच्या घरचं भांडं उष्टं करायचं नाही म्हणून लहानपणापासून वरून प्यायची सवय, आणि ती चांगलीच सवय आहे. फक्त या पोटाला ती चालत नाही.

म्हणजे सूचना चुकीची नव्हती, तिचं माप चुकीचं होतं. डिस्चार्जच्या कागदावर गेली कित्येक वर्षं 'घोट घोट पाणी प्यावे' छापलेलं आहे. ते लिहिणाऱ्याच्या मनात त्याचा स्वतःचा घोट होता.

फार्मसीतल्या दादांकडून खोकल्याच्या बाटल्यांची मापाची टोपणं आणली, दहा मिलिलिटरची. हिशेब: पाच मिनिटांनी एक टोपण. तासाला १२० मिलिलिटर. जागेपणाचे चौदा तास धरले तर १,६८० मिलिलिटर, म्हणजे दिवसाचं दीड लिटर भागून वर थोडं. मुकादमांना टोपण दिलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं आणि म्हणाले, "हे त चिमणीचं झालं." पण प्यायले. संध्याकाळपर्यंत एकही उलटी नाही.

१० एप्रिल

पाच मिनिटं मोजायची कशी हा पुढचा प्रश्न. गजर लावला तर आख्खा वॉर्ड वैतागतो. मुकादमांच्या आईनं सोडवलं. त्या तुकडोजी महाराजांची भजनं म्हणतात, मोझरीला जाऊन येतात, हळू आवाजात चालूच असतं. "एक भजन, एक टोपण." बाकीच्यांनी मोबाइलवरचं गाणं धरलं. शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंनी पेपरातलं शब्दकोडं घेतलं: दोन शब्द सुटले की एक टोपण. कोडं अवघड असलं की पाणी कमी जातं, हे त्यांच्याच लक्षात आलं.

१६ एप्रिल

खाटेजवळच्या लहान गोष्टी, पटपट.

डोकं उंच ठेवणं आणि त्याच संध्याकाळी उठवून चालवणं. हे आधीही करत होतो, आता वेळ लिहितो.

इंजेक्शनआधी लावायचा स्पिरिटचा बोळा नाकाखाली धरून तीन-चार लांब श्वास. इंजेक्शन येईपर्यंतची पाच-सात मिनिटं यानं निघतात. रुग्णांना आवडतं, कारण हातात काहीतरी असतं.

मनगटावरचा दाब: रुग्णाची स्वतःची तीन बोटं मनगटाच्या घडीपासून वर ठेवायची, त्यापुढे दोन शिरांसारख्या दोऱ्यांमधे अंगठ्यानं दाबायचं. मला आधी हे फुकटचं वाटत होतं. पण भुलीनंतरच्या उलटीवर याचा बराच अभ्यास झालेला आहे आणि तोटा काही नाही. सुनेला, मुलीला शिकवावं. नुसतं ट्रे धरून उभं राहण्यापेक्षा बरं.

वास. सकाळी आठला फिनाइलनं फरशी पुसत, तीच पातळ सुरू करायची वेळ. आता साडेसहाला पुसतात. डबे उघडायची जागा व्हरांड्याच्या टोकाला हलवली. परवा कुणाच्या तरी डब्यातल्या सावजी रश्श्याचा वास आला आणि एकाच वेळी तीन ट्रे मागितले गेले. मला मात्र भूक लागली, हे इथेच कबूल करते.

२२ एप्रिल

ही नोंद थोडक्यात, पण ठळक.

काल रात्री दोन नंबरच्या दादांना 'डचमळ' म्हणून विद्यार्थिनी इंजेक्शन भरत होती. भरता भरता तिनं नाडी पाहिली: १२८. ताप थोडासाच. डाव्या खांद्यात दुखत होतं. तिनं इंजेक्शन ठेवलं आणि डॉक्टरांना उठवलं. स्टेपलच्या रेषेतून गळती निघाली. दादांना नागपूरला हलवलं, आज ते स्थिर आहेत.

आम्ही मळमळ कमी करायच्या मागे असे लागलो होतो की मळमळ हीही एक बातमी असते हे विसरायला झालं असतं. कागदाच्या माथ्यावर आता लाल शाईत: नाडी १२० च्या वर, ताप, जोराचा श्वास, खांद्यात किंवा पोटात वाढतं दुखणं, उलटीत रक्त, यातलं एकही असेल तर आधी डॉक्टर, मग इंजेक्शन.

मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची आहे. तिला चहा पाजला. आणखी काय करणार.

२ मे

परवा अक्षय तृतीया झाली. काल आणि आज फोनच फोन.

५ एप्रिलच्या तुकडीतल्या एक ताई, पंचविसावा दिवस, कुस्करलेल्या पदार्थांवर असलेल्या. माहेरी गेल्या. आमरस. "आईनं वाटीभरच देल्ला." मग आईला वाईट वाटलं की पोरीनं काहीच खाल्लं नाही, म्हणून त्यावर शेवया. मग भरभरून घाम, धडधड, पोटात कळ आणि उलटी. गोड पातळ एकदम आतड्यात उतरलं की असं होऊ शकतं. फोनवर आईशीच बोलले. त्या म्हणाल्या, "सिस्टरबाई, सणाले लेक उपाशी ठेवू का मी?" याला उत्तर माझ्याकडे औषधांच्या तक्त्यात नाही. त्यांना म्हटलं, काकू, वाटी तुमचीच ठेवा, चमचा लहानग्याचा घ्या, आणि अर्धा तास तिच्याशी गप्पा मारत बसा. सण गप्पांनीही होतो.

घरच्या जेवणाचा कागद पुन्हा लिहायला घेतला. जुन्या कागदात सूप, ओट्स आणि योगर्ट होतं. आमच्या खेड्यात ते कोण करतं? नव्यात: पहिले दोन आठवडे वरणाचं गाळलेलं पाणी, पातळ ताक, गाळलेली ज्वारीची आंबील. मग दोन आठवडे घोटलेलं वरण, मऊ कुस्करलेलं पनीर, अंड्याचा मऊ बलक. पुढे मऊ भाजी. भात फुगतो, पोळीचा गोळा होतो, भाकरी कोरडी अडकते, म्हणून ही तिघं शेवटी. प्रथिनांचं आधी, बाकीचं नंतर. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. एक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. वऱ्हाडात घास चावून खायला सांगणं म्हणजे पोळ्याच्या बैलाला रांगेत थांबायला सांगणं, पण सांगायचं.

२१ मे

सकाळच्या नोंदी: टोपणं कमी पडत आहेत. तपासणीची वेळ दुपारी दोनऐवजी सकाळी नऊ केली, कारण लोक भर उन्हात यष्टीतून येतात, तोंड कोरडं, लघवी गडद पिवळी, आणि दारातच ओकतात. पाणी कमी पडलं की मळमळ होते, मळमळ झाली की पाणी जात नाही, आणि चाक फिरत राहतं. लघवीचा रंग विचारायला सुरुवात केली आहे. लाजतात, पण खरं सांगतात.

फोन: एकूण चार. एक १९ एप्रिलच्या तुकडीतली बाई, 'दोन दिवसांतून एकदा उलटी होते'. सावकाश खायला सांगितलं, थोडं होतेच म्हटलं.

१३ जून

वरची शेवटची ओळ मी मुद्दाम खोडत नाही.

तीच बाई आज नवऱ्याच्या खांद्याला धरून आली. पंचावन्नावा दिवस. उलटी दोन दिवसांतून एकदाची रोजची झाली, मग जे खाल्लं ते सगळं. जीवनसत्त्वाच्या गोळ्याही त्यातच. गावाजवळच्या दवाखान्यात आठ-दहा दिवस ग्लुकोजचं सलाइन लावून घेतलं. त्यानं बरं वाटायचं म्हणे. चार दिवसांपासून "एकाचे दोन दोन दिसते". चालताना पाय फाकवून, दारूड्यासारखी. मी बोट डावीकडून उजवीकडे फिरवलं तर बुबुळं थरथरत होती. नवरा म्हणाला, सकाळी तिनं त्याला तिच्या भावाच्या नावानं हाक मारली.

मॅडमनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "थायमिन. आत्ता. सलाइन बंद ठेव."

थायमिन म्हणजे बी-१. शरीरात त्याचा साठा फार तर दोन-तीन आठवड्यांचा. सतत उलटी होणाऱ्याचा तो रिता होतो, आणि रित्या शरीरात ग्लुकोज ओतलं की ते जाळायला उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. मग मेंदूवर येतं: डोळे, तोल, शुद्ध. वर्निके नावाचा आजार. दारूच्या रुग्णांत आम्ही तो शिकलो होतो. दारूचा थेंब न शिवलेल्या बाईत तो ओळखायला कुणी तयार नव्हतं. आणि गावच्या डॉक्टरांना मी काय बोलू? फोन तर आधी मला आला होता.

शिरेतून मोठा डोस, दिवसातून तीनदा. ग्लुकोज त्यानंतरच.

१६ जून

बुबुळांची थरथर बरीच कमी. नवऱ्याला नावानं हाक मारते. चाल अजून सुधारलेली नाही. ती उशिरा येते, कधी कधी पूर्ण येतही नाही, हे मॅडमनी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं. मी तिथे उभी होते.

दुर्बीण घातली: नळी मधल्या वळणावर आवळलेली. म्हणजे ती हळू खात नव्हती म्हणून उलटी होत नव्हती, रस्ताच अरुंद होता. फुग्यानं रुंद करायला नागपूरला पाठवलं.

दुपारी मी तिच्या नवऱ्याला २१ मेच्या फोनबद्दल सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तुम्ही होतेच म्हटलं म्हणून आम्ही थांबलो जी."

१८ जून

फोनच्या वहीत नवीन रकाने. कुठल्याही उलटीच्या फोनला चार प्रश्न: किती दिवसांपासून? घट्ट अडकते की पाणीही परत येते? लघवी किती वेळा? दोन दोन दिसतं का, चालताना तोल जातो का? पाणीही टिकत नसेल तर त्याच दिवशी यायचं. रोज किंवा दिवसाआड उलटी आठवडाभर चालली तर उलट्या थांबोत न थांबोत, यायचं आणि बी-१ घ्यायचं. चौथ्या प्रश्नाला 'हो' असेल तर गाडीची वाट पाहू नका, आम्हीच रुग्णवाहिका सांगतो.

आणि एक कार्ड, पिवळं, आधारकार्डाएवढं, प्लास्टिकमध्ये घातलेलं, प्रत्येकाच्या पाकिटात किंवा कमरेच्या पिशवीत: 'माझं जठर ऑपरेशननं लहान केलेलं आहे. मला वारंवार उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिनचं इंजेक्शन द्या.' खाली वॉर्डाचा फोन. मराठीतच छापलं. गावच्या डॉक्टरांना इंग्रजी येतं, पण कार्ड आधी रुग्णाच्या घरच्यांना वाचता आलं पाहिजे, म्हणजे ते हट्ट धरतील.

९ जुलै

पाऊस चांगला. पेरण्या झाल्या म्हणून रुग्ण कमी, दोनच ऑपरेशन. दोघांचीही पहिली रात्र शांत.

सर्जननी विचारलं, टक्केवारी किती आली? मी काढलेली नाही. एवढ्याशा रुग्णांवर टक्के काढले की आपल्यालाच खरे वाटायला लागतात. वही दिली, म्हटलं पानं वाचा. त्यांनी १३ जूनचं पान दोनदा वाचलं आणि वही परत दिली.

राउंडला नव्या डॉक्टरांनी एका नातेवाईकाला म्हटलं, "उलटी तर होतेच." माझ्याआधी ती विद्यार्थिनी बोलली, "सर, कितव्या दिवशी? काय पेले होते?"

२५ ऑगस्ट

शुक्रवारी पोळा, शनिवारी तान्हा पोळा, आज वॉर्डात अजून शिळ्या करंज्या फिरताहेत.

पोळ्याच्या आठवडाभर आधीच सगळ्यांना फोन केले होते, कारण अक्षय तृतीयेचा धडा. मुकादमांनी आज स्वतःहून फोन केला. तीस किलोच्या वर उतरलेत. पुरणपोळीचा चतकोर खाल्ला, अर्धा तास लावून. उलटी नाही. "पण सिस्टर, एक सांगतो. बैल धुवाले नाल्यावर गेलो, ऊन लय होतं, गड्यानं गडवा पुढे केला आन् मी मान मागं टाकलीच." मग? "मंग आठवण आली. पण टोपण घरी होतं. म्हणून हाताच्या ओंजळीत घेतलं थोडं, आन् ओंजळीतून पेलो."

जूनमधल्या त्या बाई परवा तपासणीला आल्या. नळी रुंद झाली, खाणं टिकतं. चाल अजून थोडी फाकलेली. जिना उतरताना कठडा धरतात. पिवळं कार्ड मी देण्याआधी त्यांनीच काढून दाखवलं.

फार्मसीतले दादा दुपारी वॉर्डात आले होते, भांडायला. खोकल्याच्या औषधाच्या बत्तीस बाटल्या त्यांच्याकडे बिनटोपणाच्या पडल्या आहेत, गिऱ्हाईक विचारतं औषध मोजू कशानं. मी त्यांना चमचे द्यायला सांगितलं. उद्या टोपणांची वेगळी मागणी टाकायची आहे, शंभरची.